काचेच्या कपाटाची पाठ

दिवाळीच्या आधी आत्या काचेच्या कपाटातल्या कपबशा एकेक करून खाली उतरवायची. फळ्यांवरचे वर्षभराचे कागद काढायची, फळ्या पुसायची आणि नवे कागद अंथरायची. कागद फळीच्या पुढे चार बोटं लोंबता ठेवायचा आणि त्या भागाची घडी घालून कातर फिरवायची. घडी उलगडली की झालर तयार. गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत शोभेसाठी राखलेली जागा तेवढीच होती, आणि तिथे दरवर्षी नवा कागद लागायचाच.

ते कपाट आता माझ्या घरी आहे. सागवानी, दोन काचेच्या दारांचं, खाली दोन खण. त्यातल्या निळ्या नक्षीच्या बशाही आल्या, पण कपाटात मांडल्यावर त्या दिसेनात. मागची फळी इतकी काळवंडली होती की निळी नक्षी आणि आतला अंधार एकमेकांत मिसळून गेले होते. तेव्हा लक्षात आलं, की काचेच्या कपाटाचा सगळा खेळ त्याच्या पाठीवर अवलंबून असतो. मागची फळी हा भांड्यांचा पडदा. पडदा बदलला की तीच भांडी वेगळी दिसू लागतात.

जुन्या कपाटाला रंग आणि आतून नक्षीदार वॉलपेपर लावण्याची आवड सध्या बरीच दिसते. हे काम घरच्या घरी होतं आणि खर्चही बेताचा येतो. मात्र मी त्याला एक पथ्य लावून घेतलं आहे आणि इतरांनीही लावावं असं मला मनापासून वाटतं: आपण केलेला बदल पुढच्या माणसाला कपाट न दुखावता काढता आला पाहिजे. पुढे जे सांगते आहे ते या पथ्याला धरून आहे.

कागद आणि कपाट यांचं जुनं नातं

इंग्रजीत चिनी मातीच्या भांड्यांना देशाच्याच नावाने ‘चायना’ म्हणतात, आणि आपणही ‘चिनी माती’ म्हणतो. युरोपला या मातीचं गुपित बराच काळ उलगडलं नव्हतं. जर्मनीत माइसेनचा कारखाना सुरू झाला तो १७१० साली. तोवर प्रत्येक बशी जहाजातून यायची, म्हणून ती जपून ठेवायची आणि दाखवायचीही वस्तू होती. इंग्लंडची राणी दुसरी मेरी हिला या भांड्यांचं फार वेड होतं. कपाटांच्या माथ्यावर भांड्यांचे ढीग रचण्याची रीत तिनेच इंग्लंडमध्ये आणली, असं डॅनियल डीफोने लिहून ठेवलं आहे. पुढे १७५४ साली लंडनचा सुतार थॉमस चिपेंडेल याने फर्निचरच्या नमुन्यांचं एक पुस्तक छापलं. त्यात खास चिनी भांड्यांसाठी काचेच्या कपाटांचे आराखडे आहेत. आपल्या घरांतल्या काचेच्या कपाटांचं मूळ अशा नमुन्यांपर्यंत मागे जातं.

यॉर्कशरमधल्या नॉस्टेल नावाच्या वाड्यात याच चिपेंडेलने १७७१ साली चीनमध्ये हाताने रंगवलेला, फुलापाखरांचा वॉलपेपर लावला, आणि त्याच्या जोडीला हिरव्या रंगावर सोनेरी चित्रं काढलेलं फर्निचर दिलं. चिनी भांडी आणि चिनी वॉलपेपर एकाच बंदरातून, कॅन्टनहून, एकाच कंपनीच्या जहाजांतून येत होते. म्हणजे भांडी, रंगवलेलं लाकूड आणि नक्षीचा कागद यांची संगत अडीचशे वर्षं जुनी आहे.

आपल्याकडेही ही भांडी समुद्रानेच आली. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन कॅन्टनला गेलेली जहाजं परतताना चहा, रेशीम आणि चिनी भांडी घेऊन येत. मुंबईतल्या पारशी कुटुंबांनी त्या व्यापारात नाव कमावलं. गोव्यात चांदोरच्या मेनेझिस ब्रागांझा यांच्या वाड्यात चिनी भांड्यांचा संग्रह आजही पाहायला मिळतो. रंगवलेलं लाकूडही आपल्याला परकं नाही. सावंतवाडीला गंजिफाचे पत्ते रंगवणाऱ्या हातांनीच पाट, चौरंग आणि पेट्या लाखेच्या रंगाने मढवल्या.

आधी कपाट ओळखा

ब्रश हातात घेण्याआधी कपाटाची नीट ओळख करून घ्यायला हवी. पहिला प्रश्न लाकडाचा. जुन्या सागवानाला वजन असतं, रेषा सरळ वाहतात आणि आतला न दिसणारा कोपरा थोडा घासला तर तेलकट, चामड्यासारखा वास येतो. बऱ्याच कपाटांची चौकट सागवानी असते, पण पाठ मात्र प्लायची किंवा हलक्या लाकडाची. माझ्या कपाटाचंही तसंच निघालं.

दुसरा प्रश्न पॉलिशचा. त्याची परीक्षा सोपी आहे. कापसाचा छोटा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून मी मागच्या पायाला अर्धा मिनिट धरून ठेवला. उचलला तेव्हा बोळ्यावर चहाच्या रंगाचा डाग होता आणि लाकूड बोटाला चिकट लागत होतं. याचा अर्थ पॉलिश लाखेचं. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर वाढणारा एक बारीक किडा ही लाख तयार करतो. ती शुद्ध करून पापडासारख्या चकत्या करतात, त्यालाच चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून त्याचं पॉलिश स्पिरिटनेच सुटतं. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने पृष्ठभाग मऊ पडला, तर वर लॅकर आहे. दोन्हींना दाद दिली नाही, तर मेलामाइन किंवा पीयूसारखं अलीकडचं पॉलिश असण्याचा संभव जास्त.

या परीक्षेवर पुढचा निर्णय ठरतो. लाखेचं जुनं पॉलिश म्हणजे कुणीतरी दिवसचे दिवस बोळा फिरवून चढवलेले थर. ते शाबूत असतील तर बाहेरून रंग लावू नये. माझ्याकडे आलेले मिस्त्री दाराच्या कंगोऱ्यावर अंगठा फिरवत म्हणाले, “ताई, रंग आज लागेल. उद्या काढायला बसाल तर रंगासोबत ही नक्षीपण घासून जाईल.” ते बरोबर होतं. सपाट फळीवरचा रंग काढता येतो, पण कोरीव भागातला काढताना कड बोथट होते आणि ती परत येत नाही. म्हणून माझ्या कपाटाला बाहेरून मी फक्त साफ करून लाखेचा एक पातळ हात दिला. रंग आणि कागद आतल्या बाजूला.

कपाट साधं असेल, पॉलिश उडालेलं असेल, जोडकाम वेगवेगळ्या लाकडांचं असेल, तर बाहेरूनही खुशाल रंगवा. मुंबईच्या चोरबाजारात किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत अशी कपाटं मिळतात. त्यांना रंगाने खरोखर नवं आयुष्य मिळतं.

तयारीत निम्मं काम

कपाट रिकामं करून दारं उतरवा. बिजागऱ्यांचे स्क्रू कागदात गुंडाळून त्यावर डावी-उजवी, वर-खाली असं लिहून ठेवा, कारण जुन्या बिजागऱ्या ज्या खाचेत बसलेल्या असतात तिथेच नीट बसतात. काच जुनी आणि किंचित लाटांची असेल तर ती बदलू नका. काचेला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या बारीक चुकांनी ठोकलेल्या असतात. पातळ पात्याने त्या हळूहळू उचलल्या तर काच सुखरूप निघते. पितळी मुठींना चिंचेचा कोळ लावून धुतलं तरी पुरतं.

मग टॉर्च घेऊन आतले कोपरे पाहा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर लाकूड पोखरणारा भुंगा आहे. सागाचा गाभा त्याला सहसा लागत नाही, पण पाठीच्या हलक्या लाकडाला आणि प्लायला लागतो. त्यावर औषध झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण रंगाखाली पोखरणं चालूच राहतं.

कपाटावर आधीच जुना रंग असेल तर सावध राहा. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासू नये. पाणी लावून ओला घासावा, तोंडाला चांगला मास्क असावा, मुलं आणि गरोदर स्त्रिया जवळ नसाव्यात, आणि निघालेला चिखल कागदात गोळा करून बांधावा.

आता घासणं. आधी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मेणचट थर काढा. कपाट स्वयंपाकघराजवळ असेल तर त्यावर वर्षानुवर्षांची फोडणी बसलेली असते, आणि त्या तेलकटपणावर कुठलाच रंग धरत नाही. वाळल्यावर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासा. चमक मरेल एवढंच पुरे. उघडं सागवान असेल तर थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, कारण सागातलं तेल रंगाला पकडू देत नाही.

सागवान रंगवताना आणखी एक अडचण येते. त्यातली रंगद्रव्यं पाण्यात विरघळतात. त्यावर थेट पाण्याचा पांढरा रंग दिला तर दोन-चार दिवसांत पिवळट तपकिरी डाग वर येतात. आणखी दोन हात दिले तरी ते येतच राहतात. यावर उपाय पुन्हा लाखच. रंगाआधी लाखेचा एक हात दिला की डाग खालीच अडतात. आणि पथ्याच्या दृष्टीने हाच थर सर्वांत मोलाचा, कारण उद्या कुणाला रंग काढायचा झाला तर स्पिरिटने ही लाख सुटते आणि वरचा रंग लाकूड न ओरबाडता काढणं सोपं जातं.

फक्त एक काळजी घ्या. साध्या चपड्यात ३ ते ५ टक्के मेण असतं, त्यावर रंगाची पकड ढिली राहते. चपडा स्पिरिटमध्ये विरघळला की बरणी दोन दिवस न हलवता ठेवा. मेण तळाशी बसतं, वरचं निवळ तेवढं हळूच ओतून घ्या. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करा, आणि देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती आधी विझवा. स्पिरिटची वाफ पेट घेते.

रंग कोणता आणि किती

आतून पांढरा रंग द्यायचा म्हटलं की दुकानदार बहुतेक वेळा ऑइलपेंट पुढे करतो. तो टिकाऊ खरा, पण बंद कपाटात घात करतो. तैलरंग अंधारात पिवळा पडतो. दार सदैव बंद असलेल्या कपाटाच्या आत पांढऱ्याचा पिवळसर व्हायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून आत पाण्याचा अॅक्रिलिक इनॅमल वापरावा. त्याचा वास लवकर जातो आणि पांढराही पांढरा राहतो. एका मध्यम कपाटाला आतून दोन हात द्यायला एक लिटरचा डबा सहज पुरतो.

रंग पातळ द्या. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात बरे. सपाट भागावर चार इंची फोमचा रोलर चालवा, ब्रश कोपऱ्यांपुरता. दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर अलगद फिरवून धूळ पुसून घ्या.

यानंतर धीर लागतो. रंग हाताला कोरडा लागतो तासा-दोन तासांत, पण आतून पक्का व्हायला तीन ते चार आठवडे जातात. त्याआधी फळीवर जड बशांची चळत ठेवली तर बशीचा तळ रंगाला चिकटतो आणि उचलताना पापुद्रा घेऊन येतो. पावसाळ्यात हा काळ आणखी लांबतो. कोकणात आणि मुंबईत हे काम ऑक्टोबरनंतर हाती घ्यावं.

भांडी ठरवतील कागद

कागद निवडताना दुकानात मोबाइलवरचा फोटो नेऊ नका, एक बशी घेऊन जा. कागदाचा नमुना उभा धरून त्यापुढे बशी ठेवा, चार पावलं मागे जा आणि पाहा. निळ्या-पांढऱ्या भांड्यांमागे गेरू, हळदीचा पिवळा किंवा फिकट विटकरी रंग खुलतो, कारण उबदार रंगापुढे निळा अधिक निळा दिसतो. सोनेरी कडेच्या पांढऱ्या कपांमागे गडद हिरवा किंवा नीळ हवी, मग ती बारीक रेघसुद्धा उठून दिसते. बरण्या आणि साधी एकरंगी भांडी असतील तर नक्षी मोठी चालते. भांड्यांवरच फुलं असतील तर मागचा कागद शांत हवा, बारीक ठिपक्यांचा किंवा रेषांचा, नाहीतर नजर कुठेच ठरत नाही.

वॉलपेपरच्या गुंडाळीची रुंदी साधारण २१ इंच आणि लांबी ३३ फूट असते. माझं कपाट आतून ३३ इंच रुंद, आणि दोन फळ्यांमुळे झालेले तीन कप्पे प्रत्येकी १५ इंच उंच. कागद उभा लावला तर प्रत्येक कप्प्यात मध्ये सांधा येणार आणि तिथे नक्षी जुळवावी लागणार. पण ज्या नक्षीला वरची-खालची बाजू नाही, तो कागद आडवा कापता येतो. मग १५ इंच उंचीचा तुकडा २१ इंचांच्या रुंदीत मावतो आणि सांधाच राहत नाही. तीन कप्प्यांना मिळून जेमतेम सव्वाआठ फूट कागद लागला. म्हणजे आख्खी गुंडाळी घेण्याची गरज नाही. दुकानातला उरलेला तुकडा स्वस्तात मिळतो.

वॉलपेपरच हवा असंही नाही. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आहे. मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेला हलवली त्या काळात, चौदाव्या शतकात, कागद करणारे तिथे येऊन वसले असं सांगतात. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे. हातकागदाचा पोत आणि त्यातले धागे काचेआडून फार सुरेख दिसतात.

फळीला डिंक लावू नका

माझ्या पथ्यातला मुख्य भाग इथे येतो. कागद थेट कपाटाच्या पाठीला चिकटवू नका. पातळ एमडीएफ किंवा जाड पुठ्ठा घ्या, प्रत्येक कप्प्याच्या मापापेक्षा एक सूत कमी कापा, कागद त्यावर चढवा, कडा मागे दुमडा आणि ती पाटी कप्प्यात सरकवून बसवा. पाटी नुसती दाटून बसते, ढिली वाटली तर कडेला कागदाची घडी खोचा. नवा खिळा नको आणि मूळ लाकडाला डिंकाचा थेंबही नको.

यात एक बारकावा आहे, तो वह्या-पुस्तकं बांधणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. ओला कागद पसरतो आणि वाळताना आवळतो. पाटीच्या एकाच बाजूला कागद लावला तर वाळताना पाटी त्या बाजूला धनुष्यासारखी वाकते. म्हणून मागच्या बाजूलाही तेवढाच साधा कागद त्याच खळीने चिकटवायचा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पाटी सपाट राहते. वर जड पुस्तकं ठेवून ती रात्रभर दाबावी.

खळ कुठली? घरात मैद्याची खळ करण्याची आपली जुनी पद्धत आहे, आणि बांधणीवाले तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. पण मोरचूद विषारी, आणि हे कपाट खाण्यापिण्याच्या भांड्यांचं. मोरचूद वगळला तर कसर पीठ खायला येणारच. त्यापेक्षा पाण्यात कालवायची सेल्युलोजची तयार पूड घ्या. ती कसरीला फारशी आवडत नाही, आणि पुढे ओल्या स्पंजाने सुटते, म्हणजे कागदही पुन्हा निघतो.

खळ लावल्यावर साधा कागद पाचेक मिनिटं तसाच राहू द्या. त्याला जेवढं पसरायचं ते पसरून घेतो आणि नंतर फुगे येत नाहीत. मग मध्यापासून कडांकडे कोरड्या मऊ फडक्याने हवा काढत जा. पाट्या पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात बसवू नका. बंद काचेआड ओल अडकली की बुरशी धरते. त्याच कारणाने कपाट भिंतीपासून तीन इंच तरी पुढे ठेवा, विशेषतः पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीपासून.

दिवा लावायचा असेल तर एलईडीची पट्टी पुढच्या चौकटीच्या आतून, भांड्यांकडे तोंड करून लावा. दिवा मागे असला तर भांडी काळी आकृती होऊन बसतात. थेट ऊन मात्र कागदाचा रंग उडवतं, म्हणून कपाट खिडकीसमोर नको.

पुन्हा मांडणी

महिना गेला. तीन पाट्या सरकवून झाल्या, त्यांच्यावर हळदी रंगाचा, बारीक पांढऱ्या पानांचा कागद. फळ्यांवर मी साधे कागद अंथरले आणि आत्याची आठवण म्हणून पुढच्या कडेला झालर कापली. निळ्या बशा उभ्या केल्या. त्यातल्या एका बशीवर पुलावरून चाललेली तीन माणसं आहेत. लहानपणापासून ती बशी पाहत आले, पण माणसं तीन आहेत हे मला त्या दिवशी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून मोजता आलं.

पाट्यांच्या मागे, साध्या कागदावर, मी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: कुठली खळ, कुठला रंग, खाली लाखेचा हात आहे. उद्या हे कपाट ज्याच्या घरी जाईल त्याला हळदी रंग आवडेलच असं नाही. त्याने पाट्या ओढून काढाव्यात, आपला कागद लावावा. आत्या दर दिवाळीला हेच करत होती. जुना कागद निघायचा, नवा यायचा, आणि कपाट होतं तसंच पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहायचं.